होकारांची यादी

मला गाडी चालवायला अक्कानं शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, या बाईला उपकारांची काही जाण होती की नाही? होती. म्हणूनच तर सगळा घोळ झाला.

अक्का तमिळ. मद्रासच्या खाली, एका लहानशा गावात ती बारा वर्षं शाळेत गणित शिकवत होती. नवऱ्यामागे अमेरिकेत आली, इथल्या परीक्षा नव्यानं दिल्या आणि पुन्हा गणितच शिकवायला लागली. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी. तिच्या भाषेत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि आमच्या सांगलीकडेही म्हणतात, त्यामुळे काय हाक मारायची हा प्रश्न पहिल्याच भेटीत सुटला. ती मला 'मा' म्हणायची. तमिळ बायका जवळच्या माणसाला लाडानं म्हणतात तसं. आमचं आपसातलं बोलणं इंग्रजीत चाले, कारण तिला मराठी येत नव्हतं, मला तमिळ, आणि हिंदीच्या बाबतीत आम्ही दोघी सारख्याच अडाणी. तिचं बोलणं इथे मी मराठीत लिहिते आहे. 'मा' तेवढं तिचं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. ह्यूस्टनच्या बाहेर, जिथे शहर संपून नुसते हायवे आणि गवत सुरू व्हायचं, तिथल्या एका अपार्टमेंटमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर आणि अक्का आणि तिचे यजमान खालच्या मजल्यावर. माझा नवरा केमिकल इंजिनीअर. घरातली एकुलती एक गाडी घेऊन तो सकाळी सहाला जायचा. मग मी आणि माझी चिमुरडी मुलगी दिवसभर घरात. कोथिंबीर संपली तरी शनिवारपर्यंत थांबायचं. एकदा मी जिद्दीनं पायी निघाले. रस्त्याला फुटपाथ नव्हताच, घामानं पंजाबी ड्रेस अंगाला चिकटलेला, एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात पिशव्या. शाळेतून परतणाऱ्या अक्कानं गाडी थांबवली आणि काचेतून म्हणाली, "हे काय मा? किती वर्षं अशी चालणार आहेस? उद्या चार वाजता खाली ये."

चर्चच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये ती मला शिकवायची. थर्मासमध्ये ताक आणायची. अंगावर सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. लेन बदलताना नुसत्या आरशावर विसंबायचं नाही, मान वळवून मागे बघायचं, हा तिचा मंत्र.

"बघितलंस?"

"हो अक्का."

"नाही बघितलंस. मी तुझ्या मानेकडे बघत होते."

हा संवाद रोज चारपाच वेळा व्हायचा. मी खोटारडी नव्हते हो. पण समोरच्यानं प्रश्न विचारला की माझ्या तोंडातून आधी 'हो' बाहेर पडतं आणि मग डोकं मागून धावत येतं. आमच्या घरात तसंच वळण होतं. पाहुण्यांना 'नाही' म्हणायचं नाही, मोठ्यांना 'नाही' म्हणायचं नाही, सोसायटीच्या चेअरमनला तर मुळीच नाही. याला आम्ही सुसंस्कृतपणा म्हणायचो. भीड भिकेची बहीण, हे आजी सांगायची, पण तीही कुणाला नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही.

मुलगी पहिलीत गेली आणि शाळेतून एक कागद आला. खाली सहीची जागा होती. मी सही करून पाठवला. सही मागितली की द्यायची. महिन्याभरानं अक्का सहज मुलीला विचारत होती, आज काय शिकवलं? तर ही म्हणाली, "वी डू कलरिंग. इन द लिटल रूम." कोणती लिटल रूम? अक्कानं खोदून खोदून विचारलं तेव्हा उलगडलं. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या, वर्गात गप्प बसणाऱ्या पाचसहा मुलांना रोज वाचनाच्या आणि गणिताच्या तासाला उचलून कोपऱ्यातल्या एका खोलीत बसवत. तिथे एक मदतनीस बाई त्यांच्याकडून चित्रं रंगवून घेई. परवानगीचा तो कागद होता.

"तू सही केलीस? वाचलं नाहीस?" अक्का माझ्यावर एवढी कधी ओरडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेतून अर्धी रजा काढली आणि मला घेऊन मुलीच्या शाळेत गेली. मी खुर्चीच्या टोकावर बसून मान हलवत होते, बोलत होती ती. मुलीची पुन्हा परीक्षा घ्या म्हणाली. घेतली. पुढच्या आठवड्यात मुलगी आपल्या वर्गात होती आणि वर्षाअखेरीला वर्गात पहिल्या तिघांत. मी अक्काला पुरणपोळ्या करून नेल्या. तिनं एक पोळी खाल्ली आणि विचारलं, "तिच्या शेजारी बसायची ती व्हिएतनामी मुलगी? ती कुठे आहे?"

ती त्याच खोलीत होती. तिचे आईवडील दोन दोन ठिकाणी कामाला जायचे आणि त्यांनीही माझ्यासारखीच सही केली होती.

"तुझी मुलगी बाहेर आली, कारण तिला खालच्या मजल्यावर मी मिळाले," अक्का म्हणाली. "तिला कोण आणणार बाहेर?"

तिथून तिचं राजकारण सुरू झालं. आमच्या भागातल्या शाळांचा कारभार स्कूल बोर्ड पाहायचं, सात निवडून आलेली माणसं. महिन्यातून एकदा त्यांची सभा. सभेत कुणाही नागरिकानं माइकपुढे उभं राहून बोलावं, पण तीनच मिनिटं. मग घंटी. अक्का दर महिन्याला त्या खोलीबद्दल बोलायला जायची आणि दर महिन्याला वाक्याच्या मध्यावर घंटी व्हायची. बोर्डाची माणसं हसून 'थँक यू मॅम' म्हणायची आणि पुढचा विषय घ्यायची. असं दीडेक वर्ष चाललं. एका सभेनंतर गाडीत बसताना ती म्हणाली, "तीन मिनिटांत तर माझी हजेरीही होत नाही, मा. मला आता टेबलाच्या पलीकडे बसायचंय."

ती शिकवायची शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे दुसऱ्या बोर्डाच्या हद्दीत, आणि राहायची आमच्या, त्यामुळे उभं राहायला नियमाची आडकाठी नव्हती. ती नागरिक केव्हाच झाली होती आणि ते ती उघड सांगायची. यजमान तिचे जिऑलॉजिस्ट, अबोल माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आपलं आडनाव प्रचाराच्या पाटीवर मावेल का?" मावलं नाही. शेवटी अक्षरं इतकी बारीक करावी लागली की पाटीपाशी गाडी थांबवून वाचावं लागे. आम्ही त्यावर पोट धरून हसलो होतो. ते दिवस फार चांगले होते.

मुळात निवडणूक तिला नवी नव्हती. तिकडे मास्तरांना निवडणुकीची ड्यूटी लागते. खेड्यातल्या शाळेत टेबल मांडून तिनं शेकडो लोकांच्या बोटांना शाई लावलेली. यादीत नाव शोधायचं, खूण करायची, बोट पुढे घ्यायचं. यादीवर तिचा देवासारखा विश्वास. यादीत खूण आहे म्हणजे माणूस आहे.

पहिल्या शनिवारी आम्ही दोघी घरोघर गेलो. हायवेपलीकडे नवी वसाहत झाली होती, सगळी गोरी वस्ती. एप्रिलमध्येच ह्यूस्टनची ती ओली उष्णता सुरू झालेली. अक्काचे गुडघे अधू. दहा दारं वाजवली तर तीन उघडायची. एका गृहस्थानं जाळीच्या दारामागूनच सांगितलं, आम्हाला काही विकत घ्यायचं नाही. एका घरात कुत्रं अंगावर आलं. एका म्हातारीनं मात्र अर्धा तास बोलत ठेवलं, अक्काच्या साडीचा काठ हातात घेऊन पाहिला आणि मत नक्की देते म्हणाली. अक्का खूश. "बघ, अर्ध्या दिवसात एक मत पक्कं!" असं म्हणून ती पुढच्या दाराकडे निघाली. मला मात्र ते बघवत नव्हतं. माझी मास्तरीण, जिच्यासमोर शाळेचे प्रिन्सिपॉल नमले, ती फिरत्या विक्रेत्यासारखी दारोदार उभी राहते आहे आणि लोक जाळीचं दारही उघडत नाहीत. अपमान तिला वाटत नव्हता, मला वाटत होता.

"अक्का, सोड हे," गाडीत बसल्यावर मी म्हणाले. "आपली माणसं आहेत की. मंडळाची यादी माझ्याकडे आहे."

मी त्या वर्षी मराठी मंडळाची चिटणीस होते. आमच्या भागातल्या सगळ्या मराठी घरांचे फोन नंबर माझ्याकडे होते, आणि आमच्या ओळखीतल्या गुजराती, तेलुगू घरांचेही. स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला मतदानाला फारसं कुणी जात नाही, हे अक्कानंच मला सांगितलं होतं. आपली घरं एकगठ्ठा उतरली तर निकाल फिरेल, हे गणित तिलाही पटलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तमिळ घरांना मी विचारते, बाकीच्यांना तू विचार. दोनच प्रश्न. सिटिझन आहात का? मतदार म्हणून रजिस्टर केलंय का? दोन्हीला हो आलं तरच नावापुढे टिक."

दोनच प्रश्न. ते मला विचारता आले नाहीत.

आजच्या मुलांना हे सांगून कळणार नाही. त्या काळी आपल्या माणसाला 'तू सिटिझनशिप घेतलीस का?' असं विचारणं म्हणजे बाईला वय विचारण्याहून वाईट. आम्ही सगळेच 'पाच वर्षांनी परत जाणार' होतो. कुणाचा पुण्यात फ्लॅट बुक केलेला, कुणाची आई वाट बघत असलेली. ज्यांनी शपथ घेतली होती ते चोरून घेऊन आले होते आणि शेजाऱ्याला पत्ता लागू देत नव्हते. ज्यांनी घेतली नव्हती ते, आपण अजून तळ्यात की मळ्यात ठरवलं नाही, हे कबूल करायला लाजत होते. कुणाचं कळलंच तर मंडळाच्या पॉटलक जेवणात 'काय, बाटलात म्हणे!' असं हसत हसत म्हणायचे, आणि हसण्यात विष असायचं. हा प्रश्न मी साठ घरांत कसा विचारणार होते?

आणि मला कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? आमचा अर्ज भरून ड्रॉवरमध्ये पडला होता. दोनदा भरला होता. पोस्टात टाकायला हात धजला नव्हता. सांगलीला आई एकटी. तिच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ, 'यायचं कधी ठरतंय?' अर्ज पाठवला की त्या ओळीला उत्तर दिल्यासारखं होणार होतं. नवरा म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू." हेही आमच्याकडचं 'हो'च.

तर मी फोन घेऊन बसले. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन, लांबलचक वायर, कानाखांद्यात रिसीव्हर आणि हातात पोळीचं पीठ. मुलांच्या परीक्षा, कुणाचा ले-ऑफ, गणपतीची मूर्ती या वर्षी कोण आणणार, सगळं बोलायची. शेवटी म्हणायची, "आपली अक्का उभी राहतेय हं. आपण सगळे तिला सपोर्ट करणार ना?"

"अगं, ऑफ कोर्स! हा काय प्रश्न झाला?"

"शी इज सो डायनॅमिक यार. आपलाच माणूस पाहिजे बोर्डावर."

"अक्कांना सांग, आमच्याकडची दोन्ही व्होट्स त्यांचीच."

टिक, टिक, टिक. एकही नकार नाही. मला वाटलं, काय एकी आहे आपल्या लोकांत! बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, हे पानात वाढून झाल्यावर कळलं. शेवटी आमचं स्वतःचं नाव राहिलं होतं. ते कोरं कसं ठेवू? अक्काच्या नजरेला पहिलं तेच पडलं असतं. मी आमच्या घरापुढे दोन टिका केल्या. मनात म्हटलं, अर्ज उद्या टाकते. उद्या टाकला असता तरी काही उपयोग नव्हता, शपथेला वर्ष लागायचं, हे मला माहीत होतं.

यादी हातात घेऊन अक्कानं चष्मा लावला. पानावर बोट फिरवत खालपर्यंत आली. "सगळ्यांना विचारलंस?"

"हो अक्का."

"दोन्ही प्रश्न?"

"हो."

या वेळी तिनं माझ्या मानेकडे बघितलं नाही. कागदाकडेच बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं नव्हतं गं मा, एवढी माणसं," ती म्हणाली.

त्यानंतर ती हायवेपलीकडच्या वसाहतीत गेली नाही. चार शनिवार उरले होते. ते तिनं यादीतल्या प्रत्येक घराला पोस्टकार्ड लिहिण्यात घालवले. ती पेपर तपासायची हिरव्या शाईनं, लाल शाईनं मुलं घाबरतात म्हणून. त्याच हिरव्या पेनानं. मराठी घरांच्या कार्डांवर 'नमस्कार' मराठीतच हवा, असा तिचा हट्ट. मी एका कागदावर लिहून दिलं आणि तिनं पहिलीतल्या मुलासारखं ते गिरवून गिरवून शिकून घेतलं. प्रत्येक मराठी कार्डावर लिहिलं. माझ्या घरी आलेलं कार्ड अजून आहे. त्यातला 'स्क' तिला जमला नव्हता, तरी वाचता येतो.

मतदानाचा शनिवार उजाडला. मतदान माझ्या मुलीच्याच शाळेच्या कॅफेटेरियात. दारापासून ठरावीक अंतरावर एक पाटी, तिच्या पुढे उमेदवारानं यायचं नाही. अक्का पाटीच्या अलीकडे उभी होती, गुलबक्षी काठाची साडी आणि तेच कॅनव्हासचे बूट. मी मुलीला घेऊन, थर्मासमध्ये ताक घेऊन गेले. माझ्याकडून एवढंच होण्यासारखं होतं.

"ताक नंतर," अक्का म्हणाली. "आधी मत देऊन ये."

मी 'हो' म्हणाले आणि शाळेत शिरले. कॅफेटेरियाचं दार उजवीकडे होतं. मी डावीकडे वळले. कॉरिडॉरमध्ये लहान मुलांच्या उंचीचा पाण्याचा नळ होता. कमरेत वाकून मी पाणी प्यायले. थांबले. पुन्हा प्यायले. भिंतीवर मुलांनी रंगवलेली फुलपाखरं लावली होती, त्यांवरची नावं वाचत बसले. व्हिएतनामी मुलीचं फुलपाखरू सगळ्यांत सुबक होतं. तीन वर्षं रंगवतच होती ती.

"मॉम, आर वी नॉट गोइंग टु व्होट?" मुलीनं विचारलं.

"तहान लागलीय गं मला," मी म्हणाले.

बाहेर आले तर अक्का वाट बघत होती. "दिलंस?"

"हो."

मुलगी माझ्याकडे बघत होती. आठ वर्षांची होती. त्या दिवसापासून माझ्या 'हो'वर ती लगेच विश्वास ठेवत नाही, आणि तिचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

रविवारी सकाळी फोन आला. अक्का हरली. फार मतांनी नाही, तिच्या एका वर्गात बसतील इतक्या मुलांएवढ्या मतांनी. तिच्याविरुद्ध इन्शुरन्सचा धंदा करणारा एक जाडजूड गृहस्थ होता, तो निवडून आला. "पुढच्या वेळी," अक्का म्हणाली. तिचा आवाज ठीक होता. मला उगाच हायसं वाटलं.

पण ती मास्तरीण होती. गणित चुकलं तर कुठे चुकलं ते शोधल्याशिवाय वही मिटायची नाही. कुणी कुणाला मत दिलं ते कळत नाही, पण मत द्यायला कोण कोण आलं होतं याची यादी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसात मागितली की मिळते. हे मला ठाऊक नव्हतं. दोन आठवड्यांनी अक्का ती यादी घेऊन वर आली. माझी यादीही आणली होती. दोन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. माझ्या टिकांपुढे तिनं पेन्सिलीचे ठिपके दिले होते. जिथे माणूस खरोखर मत द्यायला आला होता तिथेच ठिपका. पानावर ठिपके शोधावे लागत होते.

"बाकीचे बहुतेक मतदारच नाहीत," ती म्हणाली. "त्यांचं मी समजू शकते, ते मला ओळखत नाहीत. हे बघ." तिनं आमच्या नावावर बोट ठेवलं. "दोन टिका आहेत. ठिपका नाही. काउंटीची काही चूक असेल का? कारण तू आत गेली होतीस."

तिनं मला खरंच पळवाट दिली होती. मी क्षणभर ती घेणारही होते.

"मी पाणी पिऊन आले, अक्का," मी म्हणाले. "आम्ही सिटिझन नाही."

मी काहीबाही बोलत राहिले. आई, पत्रं, ड्रॉवर, लोक काय म्हणतील. रडलेही. तिनं ऐकून घेतलं.

"तू मला 'नाही' म्हणाली असतीस," ती शेवटी म्हणाली, "तर मी चार शनिवार दारं वाजवली असती. गुडघे दुखले असते. बाकी काय झालं असतं?"

तिनं कागद गोळा केले. माझी यादी मात्र टेबलावरच ठेवून गेली.

आमचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, भांडण मिटवता येतं. ती जिन्यात भेटली की चौकशी करायची, मुलीची गणितं सोडवून द्यायची. फक्त 'मा' गेलं. मला ती नावानं हाक मारायला लागली. पुढच्या वर्षी तेलाचा धंदा बसला, कंपन्यांनी माणसं काढली, तिचे यजमानही त्यात गेले. त्यांना नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला नोकरी मिळाली आणि ट्रकमध्ये सामान भरून ती दोघं निघून गेली. पुढची वेळ आलीच नाही. ती छोटी खोली तशीच राहिली. व्हिएतनामी मुलगी पाचवीपर्यंत तिथेच होती. मग तिचे आईवडील कुठे गेले, कुणास ठाऊक.

अक्का गेल्यावर महिन्याभरात मी अर्ज पोस्टात टाकला. शपथ घेतली आणि आईला पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. 'अगं, त्यात काय एवढं! गल्लीत सगळ्यांना मी केव्हाच सांगून टाकलंय, आता ती तिकडचीच. परत यायचं कधी ठरतंय म्हणजे सुट्टीला गं.' ते पत्र वाचून मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी खाली बसले. ज्या एका ओळीच्या धाकानं मी एवढं केलं, तिचा अर्थ मी एकदाही विचारला नव्हता.

बोर्डाची मुदत तीन वर्षांची. तीन वर्षं संपली आणि निवडणूक पुन्हा आली. आम्ही तोवर हायवेपलीकडे घर घेतलं होतं, त्याच वसाहतीत. एका दुपारी दार वाजलं. बाहेर तोच इन्शुरन्सवाला. मान उन्हानं लाल, शर्ट पाठीला चिकटलेला, हातात यादी. पायपुसण्यावर बूट पुसून तो उभा राहिला, आपलं नाव सांगितलं आणि सरळ विचारलं, "मॅम, तुम्ही सिटिझन आहात का? मतदार म्हणून रजिस्टर केलंय का?"

तेच दोन प्रश्न, त्याच क्रमानं. त्याला विचारायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

"हो," मी म्हणाले. या वेळी ते खरं होतं. त्यानं नावापुढे टिक केली. मी त्याला गार पाणी दिलं. त्या खोलीचं काय झालं, हा प्रश्न माझ्या अगदी ओठावर आला होता. पण तो घामाघूम झाला होता, पाणी पीत होता, बरं दिसलं नसतं. नाही विचारला.

मतदानाच्या दिवशी कॅफेटेरियात गेले, या वेळी उजवीकडे वळले. मतपत्रिकेवर दोन नावं. एक त्याचं आणि एक अगदी अनोळखी, त्या माणसाबद्दल मी काही वाचलं नव्हतं की कुणाला विचारलं नव्हतं. मी माझं आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मत अक्काला हरवणाऱ्या माणसाला दिलं.

संध्याकाळी कॅरीला फोन लावला. का लावला सांगता येत नाही, पण तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं. अक्कानंच उचलला. मी म्हणाले, आज मी मत दिलं.

"अरे वा! कुणाला?"

खोटं बोलायला किती सोपं होतं. दुसऱ्याचं नाव घ्यायचं, बस्स. तिला कळलंही नसतं. मी खरं सांगितलं. तिच्याकडच्या टीव्हीवरचं हवामान तेवढं ऐकू येत होतं.

"तो घरी आला होता का?" अक्कानं विचारलं.

"हो."

"दार वाजवलं?"

"हो. उन्हातून चालत आला होता."

"मग बरोबर आहे," ती शांतपणे म्हणाली. चुकलेल्या गणिताची पायरी सापडल्यावर म्हणावं तसं. "दार वाजवणाऱ्यालाच मत द्यायचं असतं."

मग तिनं मुलीची चौकशी केली, यजमानांचे दात काढले ते सांगितलं, तिकडच्या थंडीनं गुडघे फार दुखतात म्हणाली. मी रिसीव्हर कानाला घट्ट धरून उभी होते. एकदा तरी 'मा' म्हणेल असं वाटत होतं. माझं नाव घेऊन ती "बरंय, ठेवते" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.